आलेल्या नमुन्यापुरते

माझं सगळं नोकरीचं आयुष्य एका उंदराच्या जिवावर गेलं. हा उंदीर मी पाहिलेला नाही. मी जन्मायच्या आधीच तो परदेशात कुठेतरी मेला. पण त्याच्या कातडीखालच्या थोड्या पेशी कुणीतरी काढून काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि त्या मरायचं नावच घेईनात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांची नातवंडं-पणतवंडं नांदताहेत. त्यातलंच एक मोठं खटलं लोणी काळभोरच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत होतं आणि ते सांभाळायला मी होते.

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायची, पेशी सांभाळते. आमच्या शेजारच्या बाई नागपूरकडच्या. त्यांच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. त्यामुळे मी वकिलाकडे कारकून आहे अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती आणि जागेच्या भांडणाचे कागद त्यांनी दोनदा मला आणून दाखवले. लोणीच्या बसथांब्यावर तर मी ऐकत असतानाच एकाने दुसऱ्याला माझी ओळख करून दिली होती, "त्या बाईंकडं उंदीर हाय म्हनं. मरतच न्हाई." इतकी नेमकी ओळख पुढे निरोपसमारंभातसुद्धा कुणी करून दिली नाही.

आता काम काय ते सांगते. माणसाचं हाड मोडलं की डॉक्टर आत धातूची पट्टी ठेवून स्क्रूने आवळतात. तिला सगळे प्लेट म्हणतात. या प्लेटा मिश्रधातूंच्या असतात. स्टील म्हटलं तरी त्यात लोखंडाबरोबर क्रोमियम असतं, निकेल असतं. आपलं शरीर आतून खारट आणि कोमट. त्यात धातू महिनोन्महिने भिजत पडतो आणि कणाकणाने सुटत राहतो. हे सुटलेलं आतल्या पेशींना मानवतं की नाही, ते माणसाला विचारण्याआधी उंदराच्या पेशींना विचारायचं, एवढाच आमचा उद्योग. पेशी एका गुलाबी पाण्यात वाढतात. त्याच पाण्यात धातूचा तुकडा अंगाच्या उष्णतेला दिवसभर भिजत ठेवायचा, म्हणजे धातूचा काढाच करायचा. हा काढा पेशींना पाजायचा. मग त्यांच्यावर एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचं जांभळं करतात. मेलेल्या काही करत नाहीत. जांभळं म्हणजे पास, पिवळं म्हणजे नापास.

पण रंग घालायच्या आधीच मला निकाल कळलेला असायचा. सूक्ष्मदर्शकाखाली सुखी पेशी पाय पसरून बसलेली दिसते. जिला काही खुपतंय ती पाय आखडून घेते, गोल होते आणि भांड्याच्या तळापासून सुटते. माणसांचंही तेच होतं, पण माणसं फॉर्म भरताना खोटं बोलतात. पेशींना ती सोय नाही.

स्टीलबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, पुढे लागेल. स्टील गंजत नाही यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व बेताचं. त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी एक पातळ साय धरते आणि ती आतला धातू आत ठेवते. पॉलिश करताना दुसरा एखादा धातू त्यात रुतला किंवा शेवटची आम्लाची आंघोळ घालायची राहिली की ती साय फाटते. वरून मात्र प्लेट आरशासारखी चकचकीतच दिसते. सगळा घोटाळा या चकचकीत दिसण्यात आहे.

माझे वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांच्या धातूने माणूस मरायला हवा, माझ्या धातूने मरायला नको, एवढाच आमच्या धंद्यांत फरक. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी जेवताना एकच प्रश्न विचारला, "तपासायचा तुकडा कोण उचलतं?" मी म्हटलं, कंपनी पाठवते. ते म्हणाले, "आमच्याकडे खोकी उघडून आम्ही उचलतो. बनवणाऱ्याने दिलेला तुकडा म्हणजे त्याने स्वतःच लिहिलेलं प्रगतिपुस्तक." मी तेव्हा नव्या डिग्रीच्या तोऱ्यात होते. बाबा, ही वैद्यकीय क्षेत्रातली सुशिक्षित माणसं आहेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ताक संपवलं आणि विषय सोडून दिला.

सुशिक्षित माणसांचे मासले पुढे बरेच पाहिले. एक गृहस्थ संधिवातावरची तांब्याची कडी विकायचे. कड्यामुळे पेशींना ऊर्जा मिळते असं प्रमाणपत्र त्यांना हवं होतं. तांब्याच्या काढ्यात पेशी टिकत नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांना पटलं नाही. काढा केला, पाजला, दुसऱ्या दिवशी तळाला सगळे गोळे. मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मॅडम, मेल्या कशावरून? शांत झाल्या असतील." मी म्हटलं, हो, कायमच्या. तरी जाताना त्यांनी विचारलंच की अहवालात 'शांत' हा शब्द घालता येईल का.

दुसऱ्या एका कारखानदारांनी सगळी तपासणी नीट ठरवली, फॉर्म भरला आणि शेवटी आवाज खाली आणून विचारलं, की पेशींचं खाणं शाकाहारी आहे ना? त्या गुलाबी पाण्यात वासराच्या रक्तातला द्रव घालावा लागतो. हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला. सोयाबीनच्या दुधावर वाढवता येतील का, असं त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. मी सांगितलं, उपाशी मरतील, पण त्याला तोंड लावणार नाहीत. मग दोन दिवस विचार करून त्यांनी तोड काढली, की अहवालात खाण्याच्या जागी नुसतं 'पोषकद्रव्य' लिहावं. तसं लिहिलं. अहवाल त्यांनी प्रसाद घेतल्यासारखा दोन्ही हातांनी घेतला.

अशा लोकांना आम्ही आपसात 'नमुने' म्हणायचो. आणि ते जे तुकडे पाठवत तेही नमुनेच. एकच शब्द दोघांना इतका चपखल बसतो हे मराठीचं मोठेपण आहे. आमच्या प्रत्येक अहवालाखाली एक वाक्य छापलेलं असायचं, 'हे निष्कर्ष फक्त प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यापुरते आहेत.' हे वाक्य वकिलांच्या सल्ल्याने घातलेलं होतं. कितीही वारा-पाऊस आला तरी आम्ही त्याच्या आडोशाला कोरडे. मी त्या वाक्याखाली इतकी वर्षं सह्या केल्या, की शेवटी शेवटी ते मला दिसेनासं झालं.

आता लेल्यांची गोष्ट. लेलेसाहेब शहराबाहेर एका शेडमध्ये हाडाच्या प्लेटा बनवायचे. स्वभावाने गोड, बोलायला मऊ, दर वेळी 'आपण' म्हणणारे. त्यांचे नमुने मलमलीच्या कापडात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यातून यायचे. त्यांचा काढा पाजला की पेशी हमखास सुखात. इतक्या सुखात की मला कुतूहल वाटायला लागलं. एकदा मी पेशी थेट त्यांच्या प्लेटवरच वाढवल्या, रंगवल्या आणि वरून उजेड टाकून पाहिल्या. प्लेटवर पॉलिशच्या अतिशय बारीक, एका दिशेच्या रेघा होत्या आणि त्या रेघांच्या कडेने पेशी पाय पसरून ओळीत बसल्या होत्या. पेशी अशा रेघा धरून बसतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण रेघ इतकी सलग आणि स्वच्छ असलेली कधी पाहिली नव्हती. यंत्राची रेघ अशी नसते, हा कुणाच्या तरी हाताचा गुण होता.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. मी कौतुक केलं.

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने असं कधी करू नये. आमच्याकडे उत्तम जेवणाला 'बरं होतं' म्हणतात आणि अप्रतिम गाण्याला 'आज आवाज लागला होता' म्हणतात. या रीतीला बाहेरचे लोक हसतात. मीही हसायची. त्या दिवशी मात्र लेले अहवाल न्यायला आले तेव्हा मी त्यांना बसवून घेतलं, सूक्ष्मदर्शकातून दाखवलं आणि मोकळेपणाने सांगितलं, की तुमचे नमुने फार सुंदर असतात. हे पॉलिश ज्यांच्या हातचं आहे त्यांना सोडू नका.

लेले खूश झाले. पुढच्या खेपेला ते त्या माणसाला घेऊनच आले. हमीदचाचा. कसबा पेठेत घर. वडील-आजोबा तांब्याच्या भांड्यांना झिलई करायचे. ह्यांनी तोच हात स्टीलवर वळवला. साठीच्या आसपासचे, बारीक, अंगठ्याची कातडी घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "बाई, ह्या माझ्या हातावर बसल्यात?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "आरामात बसल्यात." मला अजून आठवतं, लेल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली होती.

त्यानंतर काही वर्षं लेल्यांचे नमुने येत राहिले आणि पास होत राहिले. इतके, की नव्या लोकांना शिकवताना 'जांभळं म्हणजे कसं' ते दाखवायला मी लेल्यांचीच प्लेट वापरायची.

मी निवृत्त व्हायला वर्षभर उरलं असताना हमीदचाचा एकटेच आले. दोन बस बदलून आले होते. हातात जेवणाचा स्टीलचा डबा होता. मला वाटलं, घरी काही गोडधोड असेल, आणून देताहेत. त्यांनी टेबलावर डबा उघडला. आत पांढऱ्या कपड्यात एक प्लेट आणि सहा स्क्रू होते.

हकिगत त्यांनी सावकाश सांगितली. त्यांची बायको राबियाचाची जिन्यावरून पडली, घोट्याच्या वर हाड मोडलं. हॉस्पिटलात प्लेट घातली. कंपनीचं नाव कळल्यावर चाचांना आनंद झाला. गल्लीत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, की घाबरायचं काही नाही, बायकोच्या पायात माझाच हात आहे. हाड जुळलं, पण जखम बुजेना. भोवतीची कातडी काळपट पडली, पाणी येत राहिलं. औषधं झाली, पुन्हा औषधं झाली. जखमेवरची पट्टी चाचा रोज स्वतः बदलायचे. शेवटी डॉक्टरांनी प्लेट काढली. काढलेली प्लेट चाचांनी मागून घेतली, धुतली, आणि उजेडात धरून तिच्यावर अंगठा फिरवला.

"बाई," ते म्हणाले, "हा नमुना नाही. हा माल आहे."

मला कळलं नाही. मग त्यांनी स्क्रूच्या भोकाच्या आतली कड दाखवली. तिथे अगदी बारीक पिवळट झाक होती. भांड्यांच्या चाकावर घासलंय, ते म्हणाले. ज्या चाकावर पितळेच्या समया आणि तांबे-पराती उजळतात, त्याच चाकावर. चाक बदलायचा कुणाला कंटाळा आला असेल. पितळ रुतलंय आणि नंतरची आंघोळही घातलेली नाही.

मी विचारलं, की पण पॉलिश तर तुम्ही करता ना? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मला ठाऊक असेल असं त्यांना वाटत होतं.

"तुम्ही तारीफ केलीत ना बाई, तेव्हापासून मालक मला मालाला हात लावू देत नाहीत. म्हणाले, चाचा, तुमचा हात मालावर वाया जातो. तुम्ही फक्त बाईंचे नमुने करा. हिच्या पायातली प्लेट माझ्या वेळच्या जुन्या मालातली असेल, असं मला वाटलं होतं."

त्यापूर्वी त्या शेडमधली एकूण एक प्लेट चाचांच्या हाताखालून जात होती. माझं कौतुक ऐकून लेल्यांना समजलं की आपल्याकडे सोनं आहे आणि ते सोनं त्यांनी मलमलीत गुंडाळून फक्त माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. माल भांडी उजळणाऱ्या बाहेरच्या बफिंगवाल्याकडे गेला. मी आयुष्यात एकदा मनापासून कुणाची पाठ थोपटली आणि त्याची किंमत चाचींच्या घोट्याने भरली.

चाचांना भरपाई नको होती, भांडणही नको होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. गल्लीत त्यांनी आपला हात म्हणून सांगितलं होतं. तो आपला हात नव्हता, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. ते म्हणाले, "तुमच्या पेशींना विचारा. त्या सांगतील."

काढलेल्या प्लेटवरून काही सिद्ध होत नाही हे मला पक्कं माहीत होतं. ती शरीरात राहिलेली, तिच्यावर काय काय चढलेलं असणार. शिवाय वय, रक्तातली साखर, जंतू, जखम न बुजायला शंभर कारणं असतात. चाचींचा पाय त्या प्लेटमुळेच चिघळला असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. पण प्रश्न विचारता येत होता. मी सर्जिकल सामानाच्या दुकानात गेले आणि लेल्यांच्या तीन कोऱ्या प्लेटा सामान्य गिऱ्हाइकासारख्या विकत आणल्या. शिकवायला ठेवलेली चाचांची जुनी प्लेट जोडीला घेतली. चारी धुतल्या, वाफेवर शुद्ध केल्या, चौघींचा काढा केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तेव्हा पिवळा रंग घालायचीही गरज नव्हती. चाचांच्या प्लेटच्या काढ्यात पेशी नेहमीप्रमाणे पाय पसरून होत्या. बाकी तीन भांड्यांत गोळेच गोळे तरंगत होते. तरीही रंग घातला. नियम म्हणजे नियम. एक जांभळं झालं, तीन पिवळी राहिली. तांब्याच्या कड्यांचे ते गृहस्थ असते तर म्हणाले असते, शांत झाल्या.

मी संचालकांकडे गेले. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "ग्राहक कोण?" मी म्हटलं, ग्राहक कुणी नाही, मी विकत आणल्या. ते म्हणाले, "बाई, मग हा आपल्याकडे आलेला नमुनाच नाही." अशा अडचणीच्या वेळी आमच्या संचालकांचं मराठी फार शुद्ध व्हायचं. मी फॉर्म मागून घेतला आणि ग्राहकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. पत्ता माझा, सही माझी. 'नमुना कोठून आला' या रकान्यात लिहिलं, बाजारातून. इतक्या वर्षांत त्या रकान्यात हा शब्द पहिल्यांदाच आला होता. ग्राहक मीच, त्यामुळे अहवालावर सही करणं संचालकांना भाग पडलं. त्याला त्यांना आठ दिवस लागले. पेन सापडत नव्हतं.

अहवाल घेऊन मी लेल्यांच्या शेडवर गेले. त्यांनी अगत्याने बसवलं, चहा मागवला. कप नाजूक, सोनेरी काठाचे होते. अहवाल त्यांनी शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता ओशाळतील. ते हसले.

"मॅडम, आपण पाहुणे आलात तर मी चांगलेच कप काढले ना? रोजच्या कपात चहा दिला असता तर आपल्यालाच वाईट वाटलं असतं. नमुन्याचंही तसंच आहे. यात फसवणूक कसली, ही तर रीत आहे."

मी म्हटलं, कपातून फक्त चहा प्यायचा असतो, कप कुणी पायात घालत नाही. त्यावर त्यांनी अहवाल उलटा करून माझ्याकडे सरकवला आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'हे निष्कर्ष फक्त प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यापुरते आहेत.' म्हणजे या तीन प्लेटांपुरते, ते म्हणाले, अगदी आदराने. आणि त्या तीनही आता वापरून झाल्या आहेत, नाही का?

ज्या आडोशाला मी नोकरी काढली, त्याच आडोशाला आता लेले उभे होते, आणि पावसात मी. बाबा असते तर ताक पीत राहिले असते.

मी तो अहवाल सरकारी खात्याला पाठवला. खात्याने पोच दिली, मग पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी योग्य त्या कार्यालयाकडे पाठवल्याचं कळवलं. ते योग्य कार्यालय अजून पत्राची वाट पाहत असावं. अहवालाची दुसरी प्रत मी चाचींच्या डॉक्टरांना नेऊन दिली. हे डॉक्टर तरुण, घाईत, बोलताना मोबाइलकडे पाहणारे. मला त्यांच्याकडून काही अपेक्षा नव्हती. त्यांनी अहवाल वाचला, मोबाइल उलटा ठेवला आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "यातल्या आणखी किती मी घातल्या असतील?" त्यांनी लेल्यांचा माल बंद केला, आणखी चार डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही बंद केला. मी मनोमन त्यांची क्षमा मागितली. तोंडावर काही बोलले नाही. कौतुकाची मला आता धास्ती बसली होती.

महिन्याभरात लेले चाचांच्या दारात. माल पुन्हा तुमच्याच हातून जाईल, असं म्हणाले. चाचांनी अट घातली. मी मालाला हात लावीन, नमुन्याला नाही. नमुना बाईंनी येऊन, बंद खोकं उघडून स्वतः उचलावा. माझ्या वडिलांना हमीदचाचांनी कधी पाहिलं नव्हतं. दोघंही आपापल्या धंद्यात हाताने काम करून त्याच जागी पोचले होते. तिथे पोचायला मला डिग्री आड आली.

निवृत्त होईपर्यंत मी लेल्यांची खोकी स्वतः उघडत होते. पुढे माझ्या जागेवर आलेल्या बाईंनीही ते चालू ठेवलं. बाकीच्या ग्राहकांनाही हा नियम लावू या, असं मी संचालकांना सुचवलं होतं. त्यावर त्यांचं मराठी पुन्हा शुद्ध झालं. त्यामुळे बाकीचे आजही आपले नमुने आपणच निवडून, पुसून, गुंडाळून पाठवतात आणि अहवालाखाली ते वाक्य आजही छापलं जातं. मधल्या त्या वर्षांत लेल्यांचा माल ज्यांच्या हातापायांत गेला, त्यांपैकी बहुतेकांना कदाचित काहीच झालं नसेल. काहींना झालं असेल आणि त्यांनी साखरेला, वयाला, नशिबाला बोल लावला असेल. पास म्हणून खाली सही माझी आहे. मला याची लाज वाटते. ही लाज आलेल्या नमुन्यापुरती नाही.

चाचांना मी तो अहवाल मराठीत लिहून दिला. त्यात शेवटचं वाक्य घातलं नाही. त्याऐवजी लिहिलं, की राबियाबेगमच्या पायातल्या प्लेटवर हमीदभाईंचा हात नव्हता. खाली सही केली. याला कायद्यात काडीची किंमत नाही. तो कागद त्यांनी गल्लीतल्या दुकानात फ्रेम करून लावला आहे असं नंतर कळलं.

गेल्या महिन्यात मी कसब्यात त्यांच्याकडे गेले होते. गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. चाची दारात आल्या. पाय बरा आहे, पण घोटा पुरता वळत नाही, त्यामुळे जरा ओढून चालतात. मला बसवलं आणि लगेच स्टूल ओढून फळीवरचे फुलाफुलांचे कप काढायला निघाल्या. त्या पायाने त्यांना स्टुलावर चढताना पाहून मी उठलेच. म्हटलं, चाची, ते राहू द्या, रोजच्या कपात द्या.

"असं कसं," त्या म्हणाल्या, "तुम्ही पाहुण्या आहात."

चाचांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "बाईंना माल दे. नमुना त्यांना चालत नाही."

चाची स्टुलावरून उतरल्या. टवका उडालेल्या, कान तुटलेल्या कपात चहा आला. दोन्ही हातांनी धरून प्यावा लागला. चहा फार सुंदर झाला होता. कसा झालाय, असं चाचींनी विचारलं.

मी म्हटलं, बरा आहे.